‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ एवढंच म्हणता येत नाही. कुणाचं असं झालंय का?

खाडीकाठची (ऐरोली)
सोमवार, रात्री ११.४०

जय ख्रिस्त. इथे वर्षभर नुसती वाचत आलेय, लिहायला आज पहिल्यांदा बसले. लांबण लागली तर सांभाळून घ्या. घरात सगळे झोपलेत आणि हे बोलायला दुसरं कुणी नाही.

आम्ही मूळचे नगरकडचे. (अहिल्यानगर म्हणायचं आता, पण सासूबाईंच्या तोंडी अजून नगरच.) आजेसासऱ्यांपासूनचं ख्रिस्ती घर. ह्यांचं वय एकोणपन्नास, रबाळ्याला एमआयडीसीत फिटर. बीपी दहा वर्षांपासून होतं. गोळी कधी घ्यायचे, कधी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून ठेवून द्यायचे. गेल्या नाताळाच्या आधी बूट पायात जाईना, तेव्हा लक्षात आलं की पाय सुजलेत. तपासलं तर किडन्या गेलेल्या, क्रिएटिनिन नऊच्या वर. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. ठाण्यात, सकाळी सहाची शिफ्ट, चार तास.

मी साडेचारला उठते. भाजी रात्रीच चिरून पाण्यात टाकलेली असते, पोटॅशियम निघून जावं म्हणून. ते पाणी ओतायचं, पुन्हा उकळायची, तेही पाणी ओतायचं, मग फोडणी. चव काही उरत नाही, पण खातात बिचारे. सवापाचला रिक्षा. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचलं की माझ्या पोटात गोळा येतो. एकदा अर्धा तास तिथेच अडकलो होतो, आणि खरं सांगते, मी देवाला नाही, रिक्षावाल्याला विनवत होते. ह्यांना मशीनला लावलं की मी तलावपाळीवर येऊन बसते. बाकं ओली असली तर जवळच्या जुन्या कॅथलिक चर्चमध्ये. आम्ही प्रोटेस्टंट, पण तिथे मला आजवर कुणी हटकलं नाही.

किडनी मी द्यायला तयार होते. ह्यांचा रक्तगट ओ, माझा बी. मला वाटायचं ओवाले सगळ्यांना देतात, म्हणजे सगळ्यांचं घेतही असतील. तसं नसतं. ओवाल्याला ओच लागते. गट न जुळताही करतात म्हणे, पण तो खर्च ऐकूनच आम्ही उठलो. दिरांचा गट जुळतो तर त्यांना साखर. आता किडनीसाठी यादीत नाव आहे. रात्री फोन उशाशी ठेवून झोपते. दोनदा वाजला. एकदा राँग नंबर होता, एकदा मावसनणंदेला मुलगी झाली होती. त्या बाळाचा आनंद मला दुसऱ्या दिवशी झाला, हे कबूल करते.

आता प्रश्न. प्रभूची प्रार्थना मी चार वर्षांची असल्यापासून म्हणते. शब्बाथशाळेत बाई एकेकाला उभं करायच्या आणि मी घडाघडा म्हणायचे. आता ‘तुझे राज्य येवो’पर्यंत येते आणि पुढे जीभच उचलत नाही. मंडळीत सगळे एका सुरात पुढे जातात, मी ओठ मिटून घेते आणि ‘आमची रोजची भाकर’ आलं की पुन्हा चढते. आपला डबा चुकला की मागचा धरतो ना, तसं.

कारण मला माहीत आहे. मी म्हटलं ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’, आणि त्याची इच्छा ह्यांना नेण्याची असली तर? ऑपरेशनच्या आधी नातेवाइकांची सही घेतात, काही झालं तर आमची हरकत नाही म्हणून. ते वाक्य मला त्या कागदासारखं वाटायला लागलंय. मला सही करायची नाही.

मागच्या महिन्यात घरी प्रार्थनासभा ठेवली. पंधरा-सोळा माणसं, दिवाण गॅलरीत काढून ठेवला. कुणीतरी एक पाहुणे भाऊ आणले होते, आमच्या मंडळीचे नव्हेत. त्यांनी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून खूप मोठ्यानं प्रार्थना केली आणि जाता जाता मला म्हणाले, “ताई, घरात कुठेतरी अविश्वास आहे. म्हणून अडलंय.” मी चहा करायला आत गेले आणि बिनसाखरेच्या पातेल्यातही साखर घातली. दोघा-तिघा मधुमेहवाल्यांना कळलं, पण कुणी बोललं नाही. हे मात्र हसत होते. रात्री म्हणाले, “अविश्वास कुठला, माझ्यात फॉस्फरस वाढलाय फक्त.”

पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. तो अविश्वास माझाच का? ते एक वाक्य गाळून केलेली प्रार्थना पोचते का? कृपा करून ‘सगळं चांगलं होईल’ एवढंच लिहू नका.

---

कृपाछाया
सोमवार, रात्री ११.५८

आमेन ताई. देव चांगला आहे, सर्वकाळ चांगला आहे. रोमकरांस ८:२८ वाचा, सगळ्या गोष्टी मिळून भल्यासाठीच होतात. प्रार्थनेत आठवण ठेवते.

---

खाडीकाठची (ऐरोली)
मंगळवार, रात्री १२.०५

आभार ताई. रोम ८:२८ फ्रिजवर आहे. तिघांनी तीन कार्डं दिली, तिन्ही लावलीत.

---

निवृत्त बाई (ठाणे)
मंगळवार, सकाळी ७.१५

पोरी, मी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून सवयीनं धडा वाचतात तसं सांगते. राग मानू नकोस.

ते वाक्य प्रभूनं डोंगरावर शिकवलं, मत्तय सहावा अध्याय. ते वाक्य स्वतःला म्हणायची पाळी त्याच्यावर आली सव्विसाव्या अध्यायात, पकडला गेला त्या रात्री, गेथशेमाने बागेत. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे शब्द तेच आहेत, अक्षराचाही फरक नाही. आता तो तिथे काय करतो ते नीट बघ. आधी पालथा पडतो. मग मागतो: “हे माझ्या बापा, होईल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो.” मागणं आधी. ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको’ हे त्याच्या मागून येतं. मग उठतो, शिष्यांकडे येतो, ते झोपलेले. परत जातो, आणि त्या दुसऱ्या फेरीत ते वाक्य येतं, जसं शिकवलं होतं तसं. तरीही भागत नाही. तिसऱ्यांदा जाऊन पुन्हा तेच बोलतो. ज्यानं ती प्रार्थना शिकवली त्याला तीन खेपा घालाव्या लागल्या, आणि लूक लिहितो की घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता.

तू अजून पहिल्या खेपेच्या पहिल्या अर्ध्या वाक्यावर आहेस. मग ते तरी धडपणे म्हण की. ‘हा प्याला टळू दे.’ तू तेही म्हणत नाहीस असं मला तुझ्या लिहिण्यावरून वाटतं. तू गप्प बसतेस आणि गाळलेल्या वाक्याचा हिशोब ठेवतेस.

माझं सांगते. आमच्या ह्यांना आतड्याचा कॅन्सर होता. ठाण्याचं सेंट जेम्स चर्च १८२५ सालचं आहे, जाड भिंती, आत उन्हाळ्यातही गार. तिथल्या मागच्या बाकावर बसून मी पहिल्याच आठवड्यात म्हणून टाकलं, “प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.” कुणी म्हणायला लावलं नव्हतं. शिक्षिका ना मी, उत्तर पाठ होतं, बाकावर उभी राहून दिलं. पाच महिन्यांनी हे गेले. त्यानंतर दोन वर्षं माझ्या तोंडून देवाचं नाव निघालं नाही. मला कळायचंच नाही की मी कुणावर रागावलेय, कारण मी तर हो म्हणाले होते. एकदा तरी ‘नको, नेऊ नकोस’ म्हणायला हवं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

तू नको म्हणतेयस. म्हण.

---

विश्वासवीर
मंगळवार, सकाळी १०.३०

वरच्या बाईंचा आदर राखून सांगतो, हे शिकवण चुकीची आहे. वचन काय म्हणतं? मार्क ११:२४. मागा, मिळालंच आहे असा विश्वास धरा. याकोब १:६, संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा. ताई, तुमची नजर मशीनवर आहे, प्रभूवर नाही. एक शुक्रवार डायलिसिस बाजूला ठेवा, पूर्ण घरानं उपास करा आणि बरे झालो म्हणून आधीच साक्ष द्या. मी असे चमत्कार पाहिले आहेत.

---

मशीनपाशी (कळवा)
मंगळवार, सकाळी १०.५२

मी ख्रिस्ती नाही. आळंदीकडचा, माळकरी घरातला. चौदा वर्षं डायलिसिस टेक्निशियन आहे. इथे कुणीतरी लिंक पाठवली म्हणून आलो आणि वरचं वाचून हात थरथरले, म्हणून आधी हेच लिहितो.

ताई, एकही शिफ्ट चुकवू नका. एकही नाही. लघवी होत नसते तेव्हा प्यालेलं पाणी अंगातच राहतं, फुप्फुसात चढतं, माणूस आडवा झोपूच शकत नाही. पोटॅशियम वाढलं तर दुखत नाही, खुपत नाही, थेट हृदयाचा ठोका बिघडतो. सोमवार-बुधवार-शुक्रवारवाल्यांचं सगळ्यात वाईट अंतर म्हणजे शनिवार-रविवार. सोमवारी पहाटे जी माणसं येतात ना, डोळ्यांखाली सूज, बोलताना धाप, त्यांना बघून आम्ही सांगतो की रविवारी घरात कार्य होतं. तुम्ही शुक्रवार सोडलात तर बुधवार ते सोमवार होतं. पाच दिवस. उपास करायचा तर विश्वासवीर साहेबांनी करावा, त्यांच्या किडन्या शाबूत असतील.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. मला धर्मशास्त्र कळत नाही, पण आमच्या हॉलमध्ये प्रार्थना मी रोज बघतो. कुणी हनुमान चालिसा पुटपुटतं, एक चाचा तसबीह ओढतात, मुंब्र्याहून येतात. एक ख्रिस्ती आजी होत्या, जपमाळवाल्या. फिस्टुलाचा हात, म्हणजे डायलिसिसच्या सुया लावतात तो, चार तास हलवायचा नसतो, म्हणून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं मणी सरकवायच्या. मधेच पायात गोळे आले की जप सोडून कचकचीत शिवी द्यायच्या, आणि गोळा उतरला की त्याच मण्यावरून पुढे. मला वाटतं त्यांच्या देवाला सवय झाली असेल. आमच्या तुकोबांनी तर विठ्ठलाला काय काय ऐकवलंय, ते तुमच्या पाहुण्या भाऊंनी ऐकलं तर सभा सोडून जातील.

आणखी एक, कामाचं. फिस्टुलावर रोज रात्री तळहात ठेवून बघा, आत थरथर लागते. ती लागत नसेल तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच सेंटरला फोन करायचा. त्या हातावर बीपी घ्यायचं नाही, डायलिसिसशिवाय सुई टोचू द्यायची नाही, पिशवी अडकवायची नाही. सांगितलं असेलच, तरी.

---

निवृत्त बाई (ठाणे)
मंगळवार, दुपारी १.२०

टेक्निशियनदादा, तुमचे उपकार. विश्वासवीर, ‘हे शिकवण’ नाही, ‘ही शिकवण’. आणि शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो, कलस्सै ४:१४. त्याला प्रॅक्टिस बंद करून साक्ष द्यायला लावल्याचं माझ्या वाचनात नाही.

अविश्वासामुळे अडतं म्हणायचं, तर मग पंडिता रमाबाईंना कुणी काय सांगावं? मी केडगावच्या बाजूची, मुक्तिमिशनच्या गोष्टी ऐकत वाढले. दुष्काळातल्या टाकलेल्या मुली, विधवा, आंधळ्या, सगळ्यांना त्या बाईनं घर दिलं. शेवटपर्यंत हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत बसली. आणि एकुलती एक लेक, मनोरमा, १९२१ साली तिच्या आधी गेली. पुढच्या वर्षी रमाबाई. काय कमी होतं तिच्या विश्वासात? मला हे त्या भाऊंना समोर बसवून विचारायचं आहे. चहा मी करीन, साखर घालून.

आणि पोरी, तू किती तास झोपतेस ते लिहिलं नाहीस. पावणेबाराला लिहिते आणि साडेचारला उठते. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली ‘आता माझा जीव घे’ म्हणून आडवा झाला, तेव्हा देवानं त्याला प्रवचन दिलं नाही. भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं पाठवलं. खाल्लं, पुन्हा झोपला, देवदूतानं पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं. बोलणं नंतर, होरेब डोंगरावर गेल्यावर. पहिलं राजे, एकोणीस. आज वाचू नकोस, आज झोप.

---

गिरीजची नात
मंगळवार, रात्री ९.४५

मी वसईची, तिथल्या कुपारी समाजातली. लग्नानंतर घोडबंदरला राहते. कॅथलिक आहे, त्यामुळे थोडं आमच्या पद्धतीनं.

ताई, तुम्ही तलावपाळीजवळच्या चर्चमध्ये बसता ना, मी लग्नाआधी नोकरीसाठी ठाण्यात होते तेव्हा तिथेच मिस्सेला जायचे. तिथे बसलेल्या बाईला कुणी विचारत नाही, कारण निम्म्या जणी तशाच बसलेल्या असतात.

माझी आजी रोज संध्याकाळी अंगणात जपमाळ घ्यायची. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्यं, म्हणजे येशूच्या दुःखाचे प्रसंग, असतात. त्यातलं पहिलंच, वर बाईंनी लिहिलंय ते. बागेतली वेदना. त्यावर दहा वेळा ‘नमो मरिया’. लहानपणी मला वाटायचं, एकाच गोष्टीवर दहा वेळा कशाला? आजीचा धाकटा मुलगा विहिरीत पडून गेला होता, हे मला मोठेपणी कळलं. तिचे ते दहा मणी कधीच आवरायचे नाहीत, बाकीच्यांना थांबावं लागायचं.

स्तोत्र ८८ कधी वाचलंत? आमच्या वाचनवर्गात फादरांनी ते वाचायला दिलं आणि सगळ्यांचे चेहरे पडले. इतर विलापाच्या स्तोत्रांत शेवटी कुठेतरी वळण येतं, ‘तरी मी तुझी स्तुती करीन’ वगैरे. ह्यात येत नाही. शेवटची ओळसुद्धा अंधारातच संपते. वाट बघत राहतो आणि पान उलटलं की ८९ सुरू. तरी ते कुणी स्तोत्रसंहितेतून काढून टाकलं नाही.

पण मला मुख्य सांगायचंय ते वेगळं. मार्क दुसरा अध्याय, कफर्णहूमचा पक्षाघाती माणूस. चौघे त्याला बाजेवर उचलून आणतात, दारात गर्दी, म्हणून छप्पर उसकटून वरून सोडतात. तिथे लिहिलंय, येशूनं ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. बाजेवरच्या माणसाचा विश्वास किती होता, काय होता, त्याबद्दल एक अक्षर नाही. कदाचित तो वरून ओरडत असेल, अरे सांभाळा, पाडाल मला.

आणि ती प्रार्थना ‘माझ्या पित्या’ अशी सुरूच होत नाही ना. ‘आमच्या’ आहे. तुम्ही एका वाक्यापुरत्या गप्प बसता तेव्हा बाकीचे म्हणत असतात, ते तुमच्यासकट म्हणत असतात. तर माझं एवढंच म्हणणं की ते वाक्य तुमच्या वाटचं काही दिवस मी धरते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सहाला. मुलाचा डबा करायला मी तेव्हा उठलेलीच असते. माझ्या नवऱ्याच्या जिवावर बेतलेलं नाही, त्यामुळे मला ते म्हणणं तुमच्यापेक्षा सोपं जाईल. हे वाचायला कसं वाटेल माहीत नाही, पण खरं आहे.

---

विश्वासवीर
मंगळवार, रात्री १०.१०

डायलिसिस थांबवण्याबद्दलचं माझं वाक्य मी मागे घेतो. माझी मावशी बरी झाली होती, त्या आधारावर लिहिलं. तिचा आजार वेगळा होता. बाकी विश्वासाबद्दल माझं मत तेच आहे.

---

खाडीकाठची (ऐरोली)
गुरुवार, रात्री ९.३०

सगळ्यांना एकत्रच लिहिते. बाई, मंगळवारी रात्री साडेनऊला झोपले. भांडी मुलीनं घासली. बारावीचं वर्ष आहे तिचं, म्हणून मी तिला कामाला लावत नाही, तर म्हणाली, “आई, मला घासू दे, तेवढा वेळ बायोलॉजी डोक्यात येत नाही.”

बुधवारचं सांगते. सहा वाजता मी तलावपाळीवर होते. गिरीजच्या ताई, घड्याळ बघितलं, सहा वाजून दोन मिनिटं. मनात आलं, आता घोडबंदरला कुणीतरी डबा भरता भरता म्हणत असेल. अंगावरून काही लख्ख गेलं बिलं नाही, तसली अपेक्षाही नव्हती. पण मी ते वाक्य गाळण्याची चोरी करते आहे असं त्या दिवशी वाटलं नाही. मग बाईंचं अर्धं वाक्य म्हटलं. मोठ्यानं म्हटलं गेलं, शेजारी एक काका प्राणायाम करत होते, त्यांनी एक डोळा उघडून बघितलं.

साडेआठला सेंटरवरून फोन आला. ह्यांचं बीपी पडलं होतं. धावत गेले. सिस्टर पाय वर करून, सलाइन सोडून उभ्या होत्या, मशीन पी पी पी करत होतं, आणि ह्यांच्या पोटरीत असा गोळा आला होता की हाताला मुठीएवढा दगड लागत होता. मी दोन्ही हातांनी पोटरी दाबून धरली. त्या वीस मिनिटांत मी देवाला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. टेक्निशियनदादा, तुमच्या आजींची आठवण झाली. हे शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारावं? “वजन किती काढलं?” म्हणजे मशीननं अंगातलं पाणी.

आणि सासूबाईंचं सांगायचं राहिलं, खरं तर ते सांगायलाच बसले. त्यांना मी हे कधी विचारलं नव्हतं. काल दुपारी त्या पलंगावर बसून, डोक्यावर पदर घेऊन प्रार्थना करत होत्या, नेहमीसारखी, ओठातल्या ओठात. संपल्यावर विचारलं, आत्या, तुम्ही ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ म्हणता? माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, बहात्तरच्या दुष्काळात त्या खडी फोडायच्या कामावर होत्या. वीस वर्षांच्या. कामावर सुकडी मिळायची, घरी मिलो ज्वारीची लाल भाकरी, घशाखाली उतरायची नाही. अंगावर पिणारी मुलगी होती. ह्यांच्या आधीची. मला ह्या घरात येऊन बावीस वर्षं झाली आणि ह्यांना आधी एक बहीण होती हे मला काल कळलं. अंगावर दूध राहिलं नाही, मुलगी गेली. पाळक येऊन माती देऊन गेले.

“मग वर्षभर मी पुरती प्रार्थना म्हटलीच नाही,” म्हणाल्या. “हातोडा उचलला की एवढंच, आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. दिवसभर तेच. बाकीची देवबापाला पाठ हाय, त्याला कशाला सांगायची?”

मी विचारलं, परत कधीपासून म्हणायला लागलात? तर म्हणाल्या, आठवत नाही. आणि उठून गवार निवडायला बसल्या.

मी तेव्हापासून त्या ‘रोजची’ शब्दापाशी अडकलेय. इस्राएल लोकांना खायला रानात आकाशातून मान्ना पडायचा, तो एका दिवसापुरताच गोळा करायचा होता, जास्तीचा ठेवला की किडे पडायचे. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तेवढा दुप्पट. आमचं तसंच झालंय. बुधवारी रक्त धुऊन आणलं की ते शुक्रवारपर्यंतच टिकतं, साठवता येत नाही. फरक एवढाच की आमच्या शनिवार-रविवारला दुप्पट मिळत नाही. ही माझी तक्रार मी नोंदवून ठेवली आहे, वर.

रविवारी मंडळीत मी पुन्हा त्याच जागी थांबणार आहे, आत्ताच सांगते. गिरीजच्या ताई, तेवढं धरून ठेवा. किती दिवस ते विचारू नका.

हे आत्ता घोरतायत. हातावर तळहात ठेवून बघितला. थरथर आहे, मांजर मांडीवर घुरघुरतं तशी. आता झोपते. उद्या सहाची शिफ्ट आहे, दुधी चिरून पाण्यात टाकलाय.

---

मशीनपाशी (कळवा)
गुरुवार, रात्री ९.४१

दुधी चालेल. मीठ बेतानं. आणि बीपी पडलं होतं ते उद्या लावण्याआधीच सांगा, ड्राय वेट, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन, बघून घेतील.